गावपळणीत मागे राहिलेली काकी

पोलीस खात्यातली बहुतेक प्रकरणं निकाल लागला की विसरायची असतात, नाहीतर माणूस नोकरी करू शकत नाही. मीही पुष्कळ विसरलो. हे एक मात्र विसरायचं ठरवूनही राहिलं आहे. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. कोर्टात तर ते साध्या घरफोडीचं प्रकरण म्हणून अर्ध्या दिवसात संपलं. पण भूतखेत, देवदेवस्की, चेटूक या गोष्टींबद्दल माझं म्हणून जे काही मत आहे, ते या प्रकरणात तयार झालं.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता. ओरोसला कचेऱ्या नव्हत्या, रान होतं. आमचे वरिष्ठ रत्नागिरीला बसत आणि मी मालवणच्या ठाण्यात फौजदार होतो. मी मूळचा घाटावरचा. वडील शाळामास्तर, सुधारक विचारांचे. आई दर अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधायची आणि वडील ती काढून टाकायचे. मी वडिलांच्या बाजूचा होतो. अंधश्रद्धा म्हणजे अडाणीपणा, शिक्षण आलं की ती जाते, असं माझं सरळ गणित होतं. माझे हवालदार मालवणीच होते, वयाने माझ्याहून मोठे. माझं गणित ऐकून ते म्हणायचे, "सायबानू, तुमच्या घाटार भुता नसतली. हंय आसत." हे ते थट्टेने म्हणतात की गंभीरपणे, ते मला कधी कळलं नाही.

त्या हद्दीत खाडीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं. तिथे गावपळणीची प्रथा होती, आजही त्या भागात काही गावांत आहे. काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावतात. म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते त्यावरून हो की नाही ते ठरवायचं. कौल मिळाला की अख्खं गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर राहायला जातं. माणसंच नव्हे तर गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. त्या दिवसांत गावात देव आणि त्याचा परिवार वावरतो, भूतपिशाच्च खेळतात, आणि जो माणूस मागे राहतो तो वाचत नाही, अशी समजूत. लोक शिवेपलीकडे झावळांच्या खोपी बांधून राहतात. भजनं होतात, सोयरिकी जुळतात. खरं सांगायचं तर कंटाळवाण्या संसारात ती एक मोठी मौजच असते.

गावाचे मानकरी पळणीची वर्दी द्यायला स्वतः ठाण्यात आले होते. साठीचे, काटक, पांढरीशुभ्र टोपी घातलेले गृहस्थ. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा.

"सायबानू, देवान कौल दिल्यान. गाव पळतलो."

मी विचारलं, "घरं अशी उघडी टाकून जाणार? चोरी झाली तर?"

ते माझ्याकडे असे बघून हसले, की जणू मीच लहान आहे. "थंय कोण पाय ठेवतलो? आमी गेलो काय मागे देव आसा. तुमचे शिपाय पण शिवेभायरच रवांदेत."

मी मनात हसलो आणि खाडीच्या तरीवर, जिथे होड्या लागतात तिथे, आणि गाडीरस्त्यावर शिपाई ठेवले. पळण झाली, लोक परतले, शिपायांनी अहवाल दिला की बाहेरचं एकही माणूस आत गेलं नाही. स्टेशन डायरीला नोंद करून मी विषय मिटवला.

मालवणात ठाण्याला खबर टपालाने येण्याआधी मासळीच्या टोपलीतून यायची. मासे विकणाऱ्या बायका घरोघरी मागील दारी जातात, आणि घरातलं खरं काय ते मागील दारीच कळतं. पळणीनंतर आठवडाभराने अशीच एक बाई बाजारात आमच्या हवालदारांजवळ थांबली. बांगड्यांचा भाव सांगावा तशा आवाजात तिने सांगितलं, "फौजदारांका सांगा, काकीक गावाभायर काढतले. तिका कोण इस्तव पण देणत नाय. आणि मानकऱ्याच्या घरातला सोना गेला हा. सून रडता, पण ता कोण बोलणत नाय."

इस्तव म्हणजे विस्तव. कुणी विस्तव देत नाही म्हणजे वाळीत टाकलं. वाळीत टाकणं त्या काळात मुंबई राज्यात गुन्हा होता. आणि सोनं गेलं असेल तर ती घरफोडी. एकाच टोपलीत दोन गुन्हे आले होते आणि दोन्हींची तक्रार कुणी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांना घेऊन होडीने निघालो. वाटेत त्यांच्याकडून काकीची माहिती घेतली. निपुत्रिक विधवा, पन्नाशीची. नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेली. आई-वडील गेलेले. एकुलता भाऊ बोटीवर खलाशी होता, पुढे त्याची खबर येईनाशी झाली, तेव्हा तोही मेला असं लोकांनी धरलं. चार माड, थोडी सुपारीची बाग, त्यावर ती गुजराण करायची. माहेरवाशीण असूनही गावातल्या सगळ्यांची ती काकीच.

आधी मानकऱ्यांकडे गेलो. चोरीचं विचारल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण ते कबूल होईनात. शेवटी हवालदारांनी सुनेला बोलावलं तेव्हा कळलं. पळणीला जाताना घरातले सगळे दागिने भाताच्या कणगीत ठेवले होते. मी चकित झालो. माणसं घर सोडताना सोनं बरोबर घेतात. इथे उलटं. खोपीत सोनं ठेवलं तर चोराची भीती, आणि रिकाम्या गावात देव राखणदार. त्यामुळे सगळ्या गावाचं सोनं त्या तीन रात्री उघड्या घरांत पडून असायचं. पिढ्यान् पिढ्या कुणाचं गेलं नव्हतं. आता गेलं, आणि गेलं ते देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्याच्याच घरातून. तक्रार दिली तर देवाने राखलं नाही असा त्याचा अर्थ झाला असता.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"कौल लावलो. पळणीत काय दोष घडलो काय, म्हणान इचारला. देवान सांगल्यान, व्हय, घडलो."

"आणि दोषी कोण, हेही देवानेच सांगितलं?"

टोपी सारखी करत ते म्हणाले, "ता आमका कळला."

कसं कळलं, तर त्यांच्या पुतण्यामुळे. पुतण्या मुंबईला गिरणीत होता, पळणीसाठी रजेवर आलेला. एकत्र घर, त्याची खोली घराच्या दुसऱ्या अंगाला. पळणीच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याने काकीला गावात, तिच्या घरामागे पाहिलं होतं. खोपीवर तो परतला तो थरथर कापतच, आणि तेव्हापासून तापाने पडला होता. मग लोकांनी एकमेकांत चौकशी केली. खोपी दोन जागी होत्या, खाडीकाठी आणि वरच्या कातळमाळावर, म्हणजे सड्यावर. खाडीकडच्या लोकांना वाटत होतं काकी सड्यावर राहिली आहे, सड्यावरच्यांना वाटत होतं खाडीकडे. म्हणजे ती कुठेच नव्हती, गावातच होती. आणि गावात राहून जिवंत राहिली, त्या अर्थी ती माणूस नव्हे. इथवर आल्यावर सोनं चेटकाने गेलं हे ठरवायला काय वेळ लागतो!

लोकांनी तिला मुदत दिली होती. अमावास्येच्या आत तिने घर सोडायचं, नाही सोडलं तर ते घर जाळायचं. अमावास्या परवा होती.

काकी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सुपाऱ्या सोलत बसली होती. तिच्या विहिरीवर कुणीतरी काटेरी फांद्या आणून टाकल्या होत्या. मला बघून ती उठली.

"येवा सायबानू. पाणी दितंय असतंय, पण माझ्या हातचा घेशात?"

मी पाणी मागून घेतलं आणि खळ्यात सगळ्यांना दिसेल असा उभा राहून प्यालो. हवालदारांनी क्षणभर विचार केला आणि तेही प्याले. हे त्यांचं धैर्य माझ्यापेक्षा मोठं होतं. मला भुतांचं भय नव्हतंच, त्यांना होतं.

मी विचारलं, "काकी, पळणीत तुम्ही गावातच होता?"

"होतंय."

"का?"

"पाय दुखत होते."

विहीर बंद असताना पाय दुखणारी बाई लांबून खांद्यावर पाणी आणून सुपारीच्या झाडांना घालते, हे मला ओल्या आळ्यांवरून समोर दिसत होतं. मी घराभोवती फिरलो. मागच्या बाजूला धुऊन ठेवलेली भांडी होती. दोन माणसांची. त्यातली एक थाळी आणि एक करवंटी वेगळी, दूर दगडावर पालथी घातलेली. बागेच्या टोकाला एक मांगर होता, म्हणजे झावळांनी शाकारलेली वेगळी खोपी. त्याला बाहेरून कडी होती. मी तिकडे वळताच काकी पुढे येऊन उभी राहिली.

"थंय काय नाय सायबानू. सुकी लाकडा आसत."

एकटी बाई, दोन माणसांची भांडी, कडी घातलेला मांगर आणि शेजारच्या घरातून गेलेलं सोनं. पोलिसाचं डोकं जिकडे धावतं तिकडेच माझं धावलं. हिने कुणातरी चोराला लपवलं आहे. मी तेव्हाच कडी काढली असती, पण हवालदार हळूच म्हणाले, "आदी तेका इचारूया, ज्येनी बगल्यान." साक्षीदाराचा जबाब आधी, झडती नंतर, हा नियम मीच त्यांना दहा वेळा सुनावलेला होता.

पुतण्या अंथरुणावर होता. तिशीचा, भांग पाडलेला, मनगटावर घड्याळ. कपाळाला भगताने लावलेला अंगारा. हवालदार म्हणाले की आल्या दिवशी हाच पारावर बसून पळणीची टिंगल करत होता, मुंबईत असली थेरं कुणी ऐकत नाही म्हणून. आता त्याच्या उशाशी लिंबू आणि गळ्यात दोन ताईत होते. माझ्याशी तो शुद्ध मराठीत बोलायला लागला, पण भीती वाढली तशी मालवणीत आला.

"साहेब, मी डोळ्यांनी पाहिलं. ती मांगराकडे बसली होती, दिवली घेऊन. आणि तिच्या फुड्यात... तेका नाक नव्हता, सायबानू. बोटा नव्हती. ती तेका आपल्या हातान भरवी होती. देवचार तो."

देवचार म्हणजे गावाचा राखणदार भूतपुरुष. तो खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत मी खोटी भीती पुष्कळ पाहिली आहे. खोटं भिणारा माणूस सांगताना तुमच्या तोंडाकडे बघतो, तुम्हाला पटलं की नाही ते. हा दाराकडे बघत होता.

"तू कुठे उभा होतास?" मी विचारलं.

"शिवेवर. वडाखाली."

एवढंच लिहून घेऊन मी उठलो. आम्ही शिवेवरच्या वडाखाली गेलो. तिथून समोर एक टेकाड, त्यावर काजूची झाडं, मागे माडांचे शेंडे. हवालदारांनी टाचा वर करून पाहिलं.

"हंयसून काकीचा घर? सायबानू, हंयसून तिचो माड पण दिसणत नाय."

अख्ख्या गावाने त्याचं ऐकलं होतं. बाया-माणसांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून एकमेकांना सांगितली होती. देवचाराचं नाक, बोटं, दिवली, सगळ्याची चर्चा झाली होती. तो कुठे उभा होता हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. वडाखालून काही दिसत नाही हे त्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पळणीत माणूस शिवेबाहेरच असणार, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं, की तो आत होता का हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही.

आम्ही पुन्हा काकीच्या मांगरापाशी आलो आणि तिथून उलट वर पाहिलं. साक्षीदाराची जागा सापडत नसेल तर घटनेच्या जागी उभं राहून ती शोधावी, हे मी त्या दिवशी शिकलो. मांगरावरून चारी बाजूंना नुसती झाडं. फक्त एका ठिकाणी, चढावर, झाडांच्या फटीतून एक घर दिसत होतं. मानकऱ्यांच्या घराची मागची पडवी. भाताची कणगी त्या पडवीला लागूनच होती.

मी मानकऱ्यांना पुतण्याच्या खोलीत बोलावलं आणि पुन्हा जबाब सुरू केला. आवाज चढवला नाही. त्याच्यावर हात टाकायची तर गरजच नव्हती.

"काकी त्याच्याशी काही बोलत होती का?"

"व्हय. 'जेव रे बाबा, निवता ता,' म्हणा होती."

"हे तू वडाखालून ऐकलंस?"

त्याने पांघरूण वर ओढलं. मानकरी माझ्याकडे बघू लागले.

मी विचारलं, "मागच्या पडवीचं दार तू उघडलंस, की उघडंच होतं?"

कुठलाही पोलीस सांगेल, कबुलीच्या आधी माणसाचा श्वास बदलतो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मुंबईत जुगाराचा नाद लागला होता. पळणीत गावात जाणं म्हणजे मरण असं त्याचे वाडवडील समजत, त्याच्या लेखी तो सोन्यावर बसलेला मूर्खपणा होता. पुरचुंडी घेऊन तो पडवीत आला आणि त्याला खाली दिवली दिसली, माणूस दिसला, त्याचं नाक नसलेलं तोंड दिसलं. देवधर्माची टिंगल करणारा तो पठ्ठ्या दागिने कुंपणाच्या गडग्यात, चिऱ्यांच्या भोकात टाकून जीव घेऊन पळाला. परत जाऊन ते काढायचा धीर त्याला अजून झाला नव्हता.

"माका तुरुंगात घाला, सायबानू," तो म्हणाला. "पण ह्या गावात ठेवू नुको."

मानकरी भिंतीला टेकून उभे होते. "देवान राखलेला घर," ते म्हणाले, "आणि फोडलंस तू?"

पंच बोलावले. पुतण्याने जागा दाखवली, पण गडग्याच्या भोकात हात घालायला पंचांपैकी कुणी तयार होईना. शेवटी मानकऱ्यांनीच बाही वर सारून हात घातला आणि पुरचुंडी बाहेर काढली. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला. गुन्हा उघडकीस आला होता. नियमाने मी तिथून निघायला हरकत नव्हती.

पण त्याने पाहिलं ते काय, हा प्रश्न राहिला होता. मी मानकऱ्यांना घेऊन तिसऱ्यांदा काकीकडे गेलो. चोर सापडल्याचं तिला सांगितलं. तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.

"बगलंय मी तेका. पडवेर."

"मग बोलला का नाहीत, काकी? लोक तुमचं घर जाळायला निघालेत!"

"मी तेचा नाव घेतलंय असतंय, तर लोकांनी इचारल्यानी असता, तुझ्या फुड्यात बसललो तो कोण."

मग तिने स्वतःच मांगराची कडी काढली. आत सारवलेल्या जमिनीवर एक माणूस बसला होता. महारोगाने नाक बसलेलं, हाताची बोटं झडलेली. मेला म्हणून गावाने धरलेला तिचा भाऊ. बोटीवर रोग उघड झाल्यावर त्याला कामावरून काढलं, मुंबईत फूटपाथवर दिवस काढले आणि शेवटी एका संध्याकाळी तोंडावर पंचा बांधून तो बहिणीच्या दारात आला. त्या काळात या रोगाचं नाव घेतलं तरी माणसं मागे सरत. चेटकिणीला गावाबाहेर काढत, महारोग्याला तर खाडीपलीकडच्या गावातही थारा नसे. पळणीत त्याला खोपीवर नेणं शक्य नव्हतं, आणि एकटा ठेवला तर त्याच्या हातांनी त्याला पाणीसुद्धा ओतून घेता येत नव्हतं.

काकी माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "सायबानू, माका चेटकीण म्हणांदेत. मी जायन खंय पण. पण ह्यो हंय आसा म्हणान लिवू नुको. ह्येका मारतले."

मानकरी दारातून पुढे आले नव्हते. आतून घोगऱ्या आवाजात तो माणूस म्हणाला, "कोण, तू? म्हातारो झालंस रे."

त्या आवाजासरशी मानकरी उंबऱ्यावर बसले. दोघे एका वयाचे, लहानपणी एकाच होडीवर वल्ही मारलेले. त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "सायबानू, ह्येच्यार औषध आसा?"

औषध होतं. गोळ्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि मालवणचे सरकारी डॉक्टर माझ्या चांगल्या ओळखीचे होते. मी तसं सांगितलं. एका क्षणी मला वाटलं होतं की आता सगळ्या गावाला इथे आणावं, दाखवावं की बघा तुमचा देवचार, आणि वडिलांसारखं दोन शब्द सुनवावेत. काकीचे जोडलेले हात समोर नसते तर कदाचित मी तसं केलंही असतं.

त्या संध्याकाळी मानकऱ्यांनी देवळात गाव जमवलं. मी बूट काढून मागे खांबापाशी उभा राहिलो. घर जाळायला निघालेलेच ते लोक होते, आणि गावाचा शब्द देवाकडे नेणारा माणूसही तोच होता. त्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! पळणीत जो काय दोष घडलो, तो माझ्या घरात घडलो. तो माझ्या पदरात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"जी तुझी लेक मागे रवली, ती अडलेल्या जीवासाठी रवली. ती तुझ्याच पदराखाली होती म्हणान वाचली, म्हाराजा!"

या वेळी लोक थोडे अडखळले. एकमेकांकडे पाहिलं. मग एका म्हाताऱ्या बाईने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि तिच्यामागे सगळ्यांनी.

मी शंभर भाषणं केली असती तरी काकीच्या विहिरीवरचे काटे निघाले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांनी टाकले होते त्यांनीच ते उचलले, तिच्याकडे न बघता. आणि मला एक गोष्ट जाणवली. कौल चुकलेला नव्हताच. पळणीत दोष घडला का, तर घडला होता. पाकळीने एवढंच सांगितलं होतं. कुणाचा, हे माणसांनी आपापल्या सोयीने ठरवलं. तेव्हापासून देवाने असं सांगितलं, देवीने तसं सांगितलं असं कुणी म्हणालं, की मी एवढंच विचारतो की देवाचं बोलणं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं.

पुतण्याला शिक्षा झाली. मी त्याला निघताना समजावलं की बाबा, तो आजारी माणूस होता. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्याला ते कधीच पटलं नाही. कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं की माल टाकून का पळालास, तर 'अंधाराला भ्यालो' एवढंच म्हणाला. देवचाराचं नाव घेतलं तर ताप उलटतो, अशी त्याची एव्हाना खात्री झाली होती. त्यामुळे काकीचा भाऊ कुठल्याच कागदावर आला नाही. पुढे सुटून आल्यावर तो दरवर्षी देवचाराला नारळ ठेवायचा, असं हवालदार सांगायचे. भावाचा रोग औषधाने थांबला. बोटं आली नाहीत, पण काही वर्षांनी तो परत येऊन त्याच मांगरात, बाहेरची कडी काढून टाकून, राहिला.

त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी मी तरीवर होतो. हवालदारांनी त्यांच्या चुलतभावाची होडी आणली होती. भाऊ होडीत बसला, मानकऱ्यांनी त्याला हात दिला. काकी काठावर उभी होती. मी तिला विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला जाववेना. माझी समजूत अशी, की ही बाई मनातून माझ्यासारखीच असणार, भुताखेतांवर विश्वास नसलेली, म्हणूनच राहू शकली.

"काकी, तुमचा या सगळ्यावर विश्वास नाही ना?"

ती दचकली. "असा बोला नुको सायबानू! देव आसा, देवचार आसा, सगळा खरा आसा."

"मग त्या तीन रात्री भीती नाही वाटली?"

"वाटली मा. खूब वाटली. मी आता मरतलंय म्हणान धरूनच होतंय." ती होडीकडे बघत होती. "मी देवाक सांगलंय, माका मारूचा तर मार. पण ह्येका जेवान भरवून झाल्यार मार."

हवालदारांनी होडी लोटली.